थंडाताईने बसवलेले कूलर

थंडाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. रस्त्याच्या टोकाला तिचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. तापलेल्या, वाफा सोडणाऱ्या गाड्या ढकलत ढकलत तिथे यायच्या आणि शहाण्यासारख्या परत जायच्या, म्हणून कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं. ते टिकलं मात्र तिच्या स्वभावामुळे. गिऱ्हाईक कितीही तावातावाने बोलत आलं तरी हातातला सांधा पुरा झाल्याशिवाय ती मान वर करत नसे, आणि ती मान वर करेपर्यंत गिऱ्हाईकाचाही पारा उतरलेला असे.

दुकान मुळात वडिलांचं. ते धाकट्या भावाला मिळायचं होतं, पण त्याला लहानपणापासून गाडीखाली शिरण्यापेक्षा गाडीत बसण्याची हौस. वडील गेले तेव्हा तो शहर बसवर चालक म्हणून लागला होता आणि घरात दुकान विकायच्या गोष्टी चालल्या होत्या. ती तेव्हा एका कचेरीत टायपिंग करायची. एका सकाळी कचेरीकडे जाता जाता ती वळली आणि दुकानाचं शटर वर करून आत गेली. ते शटर मग तिने कायमच वर केलं. लग्नाचं कुणी विचारलं की "राहून गेलं" म्हणायची, जशी एखादी वस्तू बाजारातून आणायची राहून जावी.

धाकट्याला तिनेच वाढवलेलं. आई लवकर गेली, तेव्हा त्याला अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं हिच्याच गळ्यात पडलं. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले तरी ती त्याला दटावून बोलायची आणि तोही ऐकून घ्यायचा.

धाकट्याला वेड एकच. एका भंगारवाल्याच्या आवारात गवतात रुतलेली जुनी दोन दारांची गाडी त्याने कधीकाळी उचलून आणली होती. लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि सुरू केली की आजूबाजूच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. दर सुट्टीला तिच्यावर खपून त्याने ती उभी केली, मग इंजिनाची ताकद वाढवली, आणि शेवटी डोंगरातल्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जी चढाची शर्यत भरायची तिच्यात उतरवली. भावजय म्हणायची, "माझी सवत आहे ती. फरक एवढाच, की ही पेट्रोल पिते."

गेल्या वर्षी मात्र सवतीने भर चढावर दगा दिला. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. क्लचचं पेडल नाही. आतलं लाल तेलच दाबाने गिअर बदलतं आणि इंजिनाची सगळी ताकद त्या तेलातूनच पुढे चाकांकडे जाते. इंजिन जितकं तगडं तितकं तेल जास्त तापतं. ते थंड करायला रेडिएटरच्या पोटात एक लहानशी नळी असते. ती मूळच्या इंजिनाला पुरत होती, ताकद वाढवल्यावर पुरेना. वरच्या वळणांवर तेल करपलं, गिअर घसरू लागले आणि गाडी दोराने ओढून खाली आणावी लागली. यंदा गिअरबॉक्स नव्याने भरून झाला होता. आता तेलासाठी वेगळे कूलर बसवायचे होते, आणि ते काम बहिणीला सोडून दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. शर्यतीसाठी धाकट्याने नोकरीतून रजाही काढली होती.

गाडी दुकानात आल्यावर दुसऱ्याच दिवशी, धाकटा रबरी नळ्या आणायला बाजारात गेलेला असताना, भावजय आली. ती कधी दुकानात येत नसे. तेलाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं. चहा नको म्हणाली, स्टुलावर बसली, लगेच उठली आणि तिने शटर अर्धं खाली ओढलं.

धाकटा दोनदा पडला होता. एकदा स्वयंपाकघरात, हातात ताट असताना. एकदा जिन्यात. दोन्ही वेळा बोलता बोलता बत्ती गेल्यासारखा कोसळला आणि ती ओरडेपर्यंत उठूनही बसला. डॉक्टरकडे चल म्हटलं तर शर्यत झाल्यावर जातो म्हणाला. वर शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही, ताईला तर मुळीच नाही.

"ताई, ही गाडी तयार होऊ देऊ नका," भावजय म्हणाली. "एखादा स्क्रू सैल ठेवा. तुमच्या हातचं काम, त्याला संशयसुद्धा येणार नाही. शर्यत हुकली की तो मुकाट्याने डॉक्टरकडे येईल."

थंडाताईने हातातला पाना खाली ठेवला. सैल नळीतून गरम तेल सायलेन्सरवर उडालं तर गाडी पेटते, तिने सांगितलं, आणि ती पेटेल तेव्हा तो आत बसलेला असेल. भावजय पुन्हा स्टुलावर बसली. मग थंडाताईने विचारलं, "आणि बस? रजा संपल्यावर तो बसवर जाणार ना?"

भावजयीने मान हलवली. पहिल्यांदा पडला त्यानंतरही तो बसवर गेलाच होता. "तो घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता," ती म्हणाली. "पण नोकरी गेली तर तो काय करेल, हेही डोक्यातून जात नव्हतं. माझं चुकलं ते मला कळतंय, ताई."

थंडाताई तिच्यावर रागावली नाही. वाईट काम मी करणार नाही, ती म्हणाली. पण गाडीचं काम होईपर्यंत त्याच्या तोंडून सगळं काढून घेते. लहानपणापासून त्याला माझ्यापासून काही लपवता आलेलं नाही.

"तो आता लहान राहिलेला नाही," भावजय म्हणाली आणि शटरखालून वाकून निघून गेली.

काम सुरू झालं तशी वादावादीही सुरू झाली. धाकट्याला रेडिएटरच्या पुढे एकच मोठा कूलर हवा होता. थंडाताई म्हणाली, एवढं मोठं झाकण पुढे लावलंस तर रेडिएटरला वारा मिळणार नाही. तेल वाचवशील आणि इंजिन उकळशील. तिने दोन लहान कूलर घ्यायचे ठरवले. एक पुढे, रेडिएटरपासून बोटभर अंतर सोडून, आणि दुसरा मागे, डिकीच्या खाली, स्वतःचा पंखा असलेला. जुन्या पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही ही धाकट्याची अट होती. ती तिने पाळली. मूळच्या बोल्टांवरच लोखंडी पट्ट्या वाकवून बसवल्या आणि कूलर आणि पट्टी यांच्यामध्ये रबर घातलं, म्हणजे गाडीचे हादरे कूलरच्या नाजूक पात्यांना लागणार नाहीत. नळ्या सायलेन्सरपासून लांबून नेल्या. नळीची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा अडकून राहणार नाही. तेलाची उष्णता दाखवणारा काटाही बसवला, पण चालकासमोर जागाच उरली नव्हती, म्हणून तो शेजारच्या सीटसमोर लागला.

हात नेहमीसारखे चालत होते. कान मात्र धाकट्याकडे होते. तो गाडीखाली असला आणि थोडा वेळ पान्याचा आवाज आला नाही की ती हाक मारायची. एकदा हाकेला उत्तर आलं नाही. ती धावत गेली, वाकून पाहिलं, तर हा नळीचा क्लिप तोंडात धरून तिच्याकडे बघत होता. क्लिप काढून म्हणाला, "तुला झालंय तरी काय? सारखी हाका मारतेस." ती परत कूलरकडे वळली.

तिने आडून आडून विचारून पाहिलं. झोप लागते का, दमायला होतं का. तो म्हणे ठणठणीत होता. रंग उतरलाय तुझा म्हटलं तर म्हणाला, रजेत बायको फार कामं सांगते. तो हसला, तीही हसली. पण तो टेबलाला धरून उभा होता आणि टेबलावरची बोटं घट्ट आवळलेली होती.

शेवटी नळ्या आवळून झाल्या, तेल भरून झालं, गाडी जागेवरच बराच वेळ चालू ठेवून दोघांनी प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहिला. कुठेच ओल नव्हती. तेव्हा तिने सरळच विचारलं, "तुला भोवळ येते का?"

तो थबकला. "कुणी सांगितलं?"

भावजयीला घातलेली शपथ तिला आठवली. "कुणी नाही. मला वाटलं."

"नाही येत," तो म्हणाला. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून.

आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याशी इतकं सरळ खोटं बोलला होता आणि तिला ते माहीत होतं. त्याच क्षणी तिने सगळं बोलून टाकायला हवं होतं. पण तिने मनाशी वेगळाच हिशोब केला. गाडी एकदा रस्त्यावर फिरवून बघायचीच होती. शेजारी बसावं, सावकाश एक चक्कर मारू द्यावी, परत आल्यावर चावी आपल्याकडे घ्यावी आणि मग भावजयीला बोलावून तिघांनी समोरासमोर बसावं. कामाचं समाधान त्याला मिळू दे, मग बोलू, असं तिला वाटलं. माया माणसाला कधी कधी असं गाफील करते.

गावाबाहेर एका कारखान्यासाठी बांधलेला रस्ता होता. कारखाना झालाच नाही, रस्ता मात्र सरळसोट पडून होता. दोन्ही बाजूंना गवत, टोकाला मातीचा ढिगारा आणि त्याच्या अलीकडे रस्ता बंद असल्याची खूण म्हणून रचलेली रिकामी पिंपं. रखवालदाराने ओळखीने साखळी काढून दिली. सकाळची वेळ होती, ऊन चढू लागलं होतं.

पहिली फेरी त्याने सावकाश मारली. ती काटा बघून सांगत होती. काटा हिरव्या पट्ट्यात शिरला आणि तिथेच थांबला. मागचा पंखा आपोआप सुरू झाल्याचं कानाला कळलं. पिंपांच्या बऱ्याच आधी त्याने पाय उचलला, गाडी वळवली, परत आणली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. गेल्या वर्षी एवढ्यात करपल्याचा वास सुटला असता, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

बस झालं आता, ती म्हणाली. अजून एकदा, तो म्हणाला, जोरात दाबल्याशिवाय कूलरची परीक्षा कशी होणार? बोलता बोलता त्याने पाय दाबलाही. ती सीटला मागे चिकटली. इंजिनाचा आवाज छातीत घुमायला लागला. गवताच्या रेघा झाल्या.

"आता बघ," तो आवाजावर ओरडला, "आता सांग मला, काटा..."

वाक्य तिथेच राहिलं. ती काट्याकडेच बघत होती. काटा हिरव्यातून किंचित वर सरकला होता, आणि हेच सांगायला तिने तोंड उघडलं तेव्हा तिला जाणवलं की मघाशी जिथे आवाज उतरला होता तिथे या वेळी तो उतरला नाही.

तिने मान वळवली. धाकट्याचं डोकं दाराकडे कललं होतं. डोळे उघडे होते, पण त्यात तो नव्हता. हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर आले होते. पाय मात्र पेडलवरच होता, सगळ्या पायाचं ओझं त्याच्यावर.

तिने त्याला हाक मारली नाही. हाक मारायला वेळ नव्हता. एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्याने गिअरचा दांडा एक घर पुढे ढकलला. फक्त एकच घर. आणखी पुढे गेला असता तर उलटा गिअर पडून गाडी उलथली असती. इंजिन चाकांपासून सुटलं आणि भयंकर किंचाळलं. तिने किल्ली फिरवून ते बंद केलं. अचानक फक्त वाऱ्याचा आणि टायरांचा आवाज उरला, आणि हातातलं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. पिंपं समोरून अंगावर येत होती. ब्रेकचं पेडल त्याच्या पायांपलीकडे होतं, तिथे तिचा पाय पोचणार नव्हता. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग गवताच्या बाजूला ओढलं, मग एक हात सोडून हँडब्रेक थोडा थोडा करत वर खेचला. गाडीचं बूड हललं, एका बाजूला सरकलं. चालकाच्या बाजूच्या दाराला कडेचं पिंप घासत गेलं, पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. मग उंच गवत काचेवर आपटायला लागलं, आणि गाडी थांबली.

मातीचा ढिगारा समोरच होता, अगदी जवळ. तापलेलं लोखंड टिकटिकत होतं.

धाकट्याने एक खोल श्वास घेतला. मान सरळ केली. स्टिअरिंगवर पुन्हा हात ठेवले.

"काटा कुठंय?" त्याने विचारलं.

थंडाताईने काट्याकडे पाहिलं. खरोखरच पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली.

मग त्याला गवत दिसलं. गाडी का थांबवलीस, त्याने विचारलं. तिने जे झालं ते सांगितलं, आवाज न चढवता, जसं गिऱ्हाईकाला बिघाड समजावून सांगायची तसं. तो मानेना. गिअर आपोआप सुटला असेल म्हणाला. डुलकी लागली असेल म्हणाला. दार उघडायला गेला तर दार चेपलेलं, उघडेना. तेव्हा त्याने त्यावर मूठ मारली आणि मग तीच मूठ कपाळाला लावून बसून राहिला.

"रजा संपली की तुझ्या मागे बसभर माणसं बसतील," ती म्हणाली. "त्यांना काहीच माहीत नसेल. तिथे शेजारी मी नसेन."

"मला दुसरं काय येतं, ताई?" तो म्हणाला. तेवढंच.

तिने त्याला आपल्या बाजूने बाहेर काढलं, शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी स्वतः चालवत सरळ रुग्णालयात नेली. रुग्णालयाच्या दारात त्या आवाजाने सगळे वळून बघायला लागले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला तारा लावून ठेवल्या, आणि दुपारी तो पलंगावर पाणी मागत असतानाच पडद्यावरची रेघ सपाट झाली. नर्स धावली. रेघ पुन्हा उड्या मारायला लागली. बाईंनी शांतपणे सांगितलं की हृदय मधूनच ठोके द्यायचं थांबतं, पेसमेकर बसवावा लागेल, आणि तोवर हा माणूस पलंगावरून उतरणार नाही.

भावजय आली ती थेट थंडाताईच्या अंगावर. "मी गाडी थांबवा म्हणून तुमच्या पाया पडायची बाकी होते, आणि तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसलात? तुम्हाला काही झालं असतं तर? दोघंही गेला असतात!" आजूबाजूची माणसं बघत होती. थंडाताई ऐकून घेत राहिली. बोलून झाल्यावर भावजयीनेच तिचे तेलकट हात आपल्या हातात धरले आणि दोघी रुग्णालयाच्या बाकावर तशाच बसून राहिल्या.

पेसमेकर बसला. धाकटा बरा झाला, पण बसवर त्याला परत घेतलं नाही. डेपोत नव्या चालकांना शिकवायच्या कामावर नेमलं. स्वतःची गाडी चालवायला डॉक्टरीणबाईंनी पुढे परवानगी दिली. शर्यतीचं नाव काढलं तर मात्र त्या नुसत्या बघायच्या.

थंडाताईशी तो बोलणं टाळायला लागला. तिने जीव वाचवला हे त्याला कळत होतं, पण तिने त्याला त्या अवस्थेत पाहिलं हे त्याला सोसत नव्हतं. काही सांगायचं असलं की बायकोला म्हणायचा, ताईला निरोप दे. ताई समोरच बसलेली असायची. गाडी तिच्या दुकानात झाकून ठेवलेली होती. तिने चेपलेलं दार ठोकून सरळ केलं, रंगवलं, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

पुढल्या वर्षी शर्यत जवळ आली तेव्हा तो एका बाईला घेऊन दुकानात आला. डेपोत त्याच्याच हाताखाली शिकलेली, बस चालवणारी. गाडी हिला चालवायला द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. चढावर वळणं कशी घ्यायची ते तो तिला महिनाभर समजावून सांगत होता. "कूलर एकदा तपासून दे," तो थंडाताईला म्हणाला. बायकोमार्फत नाही, स्वतः.

शर्यतीच्या दिवशी भाऊ-बहीण वरच्या वळणापाशी उभे होते, जिथे आदल्या खेपेला गाडीने मान टाकली होती. भावजय खाली, सुरुवातीच्या जागी थांबली होती. खालून एकेक गाडी येऊन जात होती. त्याचा हात नकळत छातीवर, कातडीखालच्या त्या उंचवट्यावर जात होता.

"तुला आधीच माहीत होतं ना?" त्याने एकदम विचारलं.

"हो."

"मग शेजारी कशाला बसलीस?"

"तू सांगशील असं वाटत होतं."

"नसतं सांगितलं," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

खालून ओळखीचा आवाज आला. त्याने तिला गप्प राहायची खूण केली आणि मान तिरकी करून ऐकायला लागला. गिअर बदलला, नीट, न घसरता. पुन्हा बदलला. गाडी वळणातून समोर आली, मागचा भाग किंचित घसरवत, आणि दोघांच्या अंगावर धूळ उडवून वर निघून गेली. करपल्याचा वास नव्हता, गरम रबराचा होता फक्त.

गाडी तिच्या गटात बरीच मागे आली. धाकटा उतारभर कुरकुरत राहिला की बाईने दुसऱ्या वळणावर उगाच पाय काढला. थंडाताई त्याच्या शेजारून चालत होती. खाली पोचल्यावर दोघं गाडीखाली शिरले, तो पुढून आणि ती मागून, आणि एकेक सांधा पुसत मधल्या बाजूला सरकू लागले.